गाडीचे दात कुठे असतात?

बैलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. जे आठ असतात ते खालच्या जबड्यात. वासराचे दुधाचे दात पडून तिथे पक्के दात जोडीजोडीने येतात, आणि याच हिशेबावर आमच्या जुन्नर-आंबेगाव भागातला बैलबाजार पिढ्यानपिढ्या चालला. एकही पक्का दात आला नसेल तो आदत. दोन आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळलेला. पहिली जोडी दोन वर्षांच्या आसपास येते, चौथी साडेचार-पाच वर्षांपर्यंत. बेल्ह्याच्या किंवा चाकणच्या बाजारात विकणारा काहीही वय सांगो, घेणारा खालचा ओठ ओढून स्वतः बघायचा. जनावर मुकं असलं तरी त्याचा जन्मदाखला त्याच्याच तोंडात असतो.

हे सगळं मनात येण्याचं कारण एक जुनी गाडी आहे. मी शिनोलीत राहते आणि चाकणच्या एका कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासायचं काम करते. एका बाजूचं अंतर साधारण पन्नास किलोमीटर. सकाळची पाळी असली की काही ना काही मिळतं. दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते. कंपनीची बस मंचरला सोडते आणि तिथून घोडेगावमार्गे शिनोलीपर्यंत न्यायला भाऊ मोटारसायकल घेऊन येतो. भर पावसातही, ऊसतोडीच्या दिवसांत दिवे नसलेल्या ट्रॉल्यांच्या मागूनही. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाची झोप रोज माझ्या पाळीसाठी मोडते. म्हणून गाडी घ्यायची.

नवी परवडत नाही. पेट्रोलची जुनी घेतली तर रोजच्या शंभर किलोमीटरचं पेट्रोल पगार खाऊन टाकेल. उरली वापरलेली इलेक्ट्रिक गाडी. २०२१चं मॉडेल, पन्नास हजार किलोमीटरच्या आत चाललेली, मागणी साडेसहा लाखांची. तीन लाख माझ्या शिलकीतले, बाकी पतसंस्थेचं कर्ज. घरी आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी किंमत विचारली नाही. “दात बघितलेस का?” एवढंच म्हणाले.

मी उत्तर शोधू लागले आणि शोधता शोधता इतिहासात शिरले.

बसका बैल आणि नोबेल पारितोषिक

दातांवरून वय कळतं, गुण कळत नाहीत. बैल मारका असू शकतो. त्याहून वाईट म्हणजे बसका असू शकतो, म्हणजे दिसायला धट्टाकट्टा, पण भर कामात औत टाकून मटकन खाली बसणारा. ही खोड बाजारात उभ्या बैलात दिसत नाही, म्हणून जाणता शेतकरी बैल जुंपून बघायचा आग्रह धरायचा. ओळखीतला सौदा असला तर काही दिवस औताला लावून बघायचे आणि खोड निघाली तर परत करायची बोली व्हायची. दाव्याला धरून नुसता फिरवून दाखवलेला बैल शहाणा माणूस घेत नसे. ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ ही म्हण अशाच अनुभवातून आलेली आहे.

हीच गोष्ट अर्थशास्त्राला १९७० साली नव्याने कळली. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं साधं होतं. गाडीतली खोट विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीला संशयाने कमीच किंमत देतो. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, एवढ्यात विकण्यापेक्षा ठेवलेली बरी. बाजारात खराब गाड्यांचं प्रमाण वाढत जातं, संशय आणखी वाढतो, किंमत आणखी पडते. हा निबंध तीन नियतकालिकांनी नाकारला होता. पुढे २००१मध्ये अकरलॉफला दोघा सहकाऱ्यांबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणजे जुनी वस्तू स्वस्त असते ती नुसती झिजल्यामुळे नाही. तिच्याबद्दल आपल्याला माहीत नसतं, तेही किमतीतून वजा होतं. याचा उलटा पुरावाही आपल्या पुणे जिल्ह्यात आहे. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९७२मध्ये चेतक स्कूटर आली. परवाना राजच्या त्या काळात नव्या स्कूटरसाठी दहा-दहा वर्षं नंबर लावून थांबावं लागे, आणि वापरलेली स्कूटर नव्याच्या छापील किमतीपेक्षा महाग विकली जाई. तिच्याबद्दल लपलेलं काही नव्हतंच. किक मारली की आवाजावरून कळायचं, धुराच्या रंगावरून कळायचं, आणि प्रत्येक गावात ते कळणारा एक मेकॅनिक होता. बैलाचे दात बघणाऱ्याची जागा त्याने घेतली होती.

इलेक्ट्रिक गाडीला आवाज नाही, धूर नाही. तिच्या किमतीचा सर्वांत मोठा भाग असलेली बॅटरी गाडीच्या पोटाखाली सीलबंद पेटीत असते. म्हैस खरोखरच पाण्यात आहे.

सव्वाशे वर्षांची तीच शंका

‘इलेक्ट्रिक गाडी भरवशाची आहे का?’ हा प्रश्न नव्या पिढीचा वाटतो, पण तो मोटारीइतकाच जुना आहे. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी बनल्या. त्यांतल्या १,५७५ विजेवर चालणाऱ्या होत्या आणि पेट्रोलवरच्या फक्त ९३६. बाकीच्या वाफेवरच्या. वीज तेव्हा मागे नव्हती, पुढे होती. मग अडलं कुठे?

१८९७मध्ये वॉल्टर बर्सीच्या विजेवरच्या टॅक्सी लंडनच्या रस्त्यांवर आल्या. त्यांच्या गुणगुणण्यामुळे लोक त्यांना ‘हमिंगबर्ड’ म्हणत. लोकांना त्या आवडल्याही. पण जड बॅटऱ्या धक्क्यांनी खराब होत, वजनाने टायर झिजत, दुरुस्तीचा खर्च भाड्याहून वर जाई. दोन वर्षांत, १८९९मध्ये, त्या रस्त्यावरून हटल्या.

मग थॉमस एडिसन या कामाला लागला. शिशाच्या बॅटरीऐवजी निकेल आणि लोखंडाची बॅटरी त्याने मोठा गाजावाजा करून बाजारात आणली. त्या गळू लागल्या, क्षमता घटू लागली. १९०४मध्ये त्याला उत्पादन थांबवावं लागलं, आणि सुधारलेली बॅटरी यायला आणखी पाचेक वर्षं गेली. ती खरोखर टिकाऊ होती. पण तोपर्यंत फोर्डची स्वस्त पेट्रोल गाडी आली होती. १९१२मध्ये कॅडिलॅक कंपनीने बटणावर चालू होणारं इंजिन आणलं आणि हँडल मारायचा त्रासही गेला. गंमत म्हणजे खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची विजेवरची गाडी वापरत असे.

या इतिहासातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट मात्र कुठल्या शोधाची नाही, एका हिशेबाची आहे. १९१०च्या दशकात अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात वीज कंपनीने इलेक्ट्रिक ट्रकवाल्यांसाठी एक योजना काढली. ट्रक बॅटरीशिवाय विकत घ्यायचा. बॅटरी कंपनीची. ट्रक जेवढे मैल धावेल तेवढ्या मैलांचे पैसे द्यायचे. बॅटरी उतरली की बदलून मिळेल, मेली तर नुकसान कंपनीचं. बॅटरी तीच होती, तिच्या खोडीही त्याच. बदलली ती एकच गोष्ट, धोका कोणाच्या अंगावर. आणि ट्रकवाले तयार झाले. ही कल्पना आपल्याकडे २०२४च्या सप्टेंबरात एमजी विंडसर या गाडीबरोबर परत आली. गाडीची किंमत वेगळी, बॅटरीचे किलोमीटरमागे साडेतीन रुपये वेगळे.

आपल्याकडच्या गाड्या, आपल्याकडचं ऊन

भारतात विजेवरची छोटी गाडी लोकांच्या ओळखीची झाली ती ‘रेवा’मुळे. बंगळुरूमध्ये चेतन मैनी यांनी बनवलेली ही गाडी २००१मध्ये आली. शिशाच्या बॅटऱ्या, एका चार्जिंगमध्ये ऐंशी किलोमीटरच्या आसपास पल्ला. लंडनमध्ये ती ‘जी-विझ’ नावाने चालली. तिची दुखरी नस बॅटरीच होती. काही वर्षांत सगळा संच बदलावा लागे, आणि संच संपत आलेली जुनी रेवा म्हणजे बसका बैलच. २०१०मध्ये महिंद्राने ही कंपनी घेतली.

खरा बदल जानेवारी २०२०मध्ये टाटा नेक्सॉन ईव्हीने झाला. ती आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या कारखान्यात बनली. लिथियमची ३०.२ युनिटांची बॅटरी, तिला थंड ठेवायला पाण्यासारखा फिरता द्रव, आणि बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी. पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या चाचणीत पल्ला ३१२ किलोमीटर. प्रत्यक्ष रस्त्यावर तो दोनशेच्या आसपास मिळतो, असं बरेच मालक सांगतात. आता महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्या चाकणलाही बनतात. म्हणजे आमच्या एका अंगाला रांजणगाव, दुसऱ्या अंगाला चाकण, आणि मध्ये शिनोलीत मी जुन्या गाडीचे दात शोधत बसलेली.

बॅटरी थंड ठेवण्याची सोय किती महत्त्वाची, ते अमेरिकेत कळलं. निसान कंपनीची लीफ ही गाडी २०१०च्या अखेरीस आली. तिच्या बॅटरीला अशी द्रवाची सोय नव्हती. २०१२मध्ये अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी उन्हात राहणाऱ्या मालकांच्या लक्षात आलं की बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्यांतल्या पट्ट्या भराभर गळतायत. शेवटी कंपनीने वॉरंटी लिहून दिली: पाच वर्षांत किंवा ६०,००० मैलांत पट्ट्या नऊच्या खाली गेल्या तर बॅटरीची जबाबदारी आमची.

आपल्याकडची भीती आगीची. २०२२च्या मार्चमध्ये पुण्यात लोहगावला एका इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला, ते चित्रीकरण सगळ्यांच्या फोनवर फिरलं. त्या वर्षी देशभरात अशा घटना झाल्या आणि केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. २०२१ची गाडी घेणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे आपली गाडी या नियमांआधीची आहे. म्हणून त्या मॉडेलची बॅटरी कंपनीने परत बोलावून तपासली होती का, आणि ही गाडी त्या तपासणीला गेली होती का, हे सर्व्हिसच्या नोंदींत बघायलाच हवं.

बंद पडण्याची भीती मात्र आकड्यांसमोर थोडी कमी होते. जर्मनीतली एडीएसी ही मोटारचालकांची संघटना रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची नोंद दर वर्षी प्रसिद्ध करते. तिच्या नोंदींनुसार सारख्या वयाच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांपेक्षा इलेक्ट्रिक गाड्या कमी बंद पडतात. आणि दोन्हींत बंद पडण्याचं पहिलं कारण एकच आहे, साधी बारा व्होल्टची बॅटरी. इलेक्ट्रिक गाडीतही ती असते. मोठी बॅटरी भरलेली असूनही ही छोटी मेली तर गाडी जागची हलत नाही. मोठीची चौकशी करताना आपण छोटीला विसरतो. ती मंचरमध्ये कुठेही बदलून मिळते.

दात सापडले

लिथियमची बॅटरी चार गोष्टींनी म्हातारी होते: वय, उष्णता, वारंवार केलेलं जलद चार्जिंग, आणि कायम काठोकाठ भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवणं. नुसत्या किलोमीटरवरून तिचं वय कळत नाही. टॅक्सी म्हणून रोज जलद चार्ज झालेली गाडी आणि घरच्या सॉकेटवर रात्री निवांत भरलेली गाडी, दोघींचे किलोमीटर सारखे असले तरी दात वेगळे असतात. स्क्रीनवरचा पल्लाही दात नव्हे. तो गेल्या काही किलोमीटरच्या चालवण्यावरून गाडीने बांधलेला अंदाज असतो. आधी हळू चालवून तो आकडा कुणालाही फुगवता येतो.

खरे दात दोन ठिकाणी असतात. एक गाडीच्या संगणकात. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला छोटं उपकरण लावून बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत वाचता येते. दुसरे आपल्या घरच्या वीजमीटरमध्ये. हा हिशेब मला कामाच्या सवयीने सुचला. गाडी वीस टक्क्यांपर्यंत उतरवायची आणि घरी शंभरपर्यंत भरायची, मध्ये एक सबमीटर लावून. तीस युनिटांची बॅटरी नवी असती तर ऐंशी टक्के म्हणजे चोवीस युनिटं तिच्यात उतरली असती. चार्ज करताना दहा-बारा टक्के वीज वाया जाते, ती मीटरच्या आकड्यातून वजा करायची. जे उरेल ते बॅटरीने खरोखर पोटात घेतलेलं.

पहिली गाडी जिथे बघितली तिथल्या विक्रेत्याला हे सांगितलं तर तो हसला. अर्धा तास चालवून बघा, स्क्रीनवर दिसतंय की सगळं, म्हणाला. उपकरण लावायला नको, रात्रभर न्यायला तर नकोच. दाव्याला धरून फिरवलेला बैल. मी घरी परत आले.

दुसरी गाडी जुन्नर तालुक्यातल्या एका गृहस्थांची निघाली. त्यांनी चावी दिली आणि रविवारी संध्याकाळपर्यंत ठेवा म्हणाले. माझ्या मते भरवशाची सुरुवात इथेच होते. ज्याला लपवायचं नसतं तो जुंपून बघू देतो.

शनिवारी एसी लावून, आम्ही दोघं बहीण-भाऊ बसून शिनोली ते चाकण आणि परत आलो. मग डिंभ्यापर्यंत एक फेरी, उरलेली बॅटरी उतरवायला. रात्री सबमीटर लावून घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावली. अर्थिंग नीट नसेल तर चार्जिंगच सुरू होत नाही, त्यामुळे आधी वायरमन बोलवावा लागला. मध्ये तासभर वीज गेली. सकाळी मीटर चोवीस युनिटं दाखवत होता. वाया गेलेली वीज वजा करून बॅटरीत उतरली एकवीस. म्हणजे पूर्ण क्षमता सव्वीस युनिटांच्या थोडी वर, नव्याच्या सुमारे सत्याऐंशी टक्के. उपकरणाने एकोणनव्वद सांगितलं होतं. दोन स्वतंत्र मोजमापं इतकी जवळ आली की माझ्या कामात आम्ही तो माल पास करतो.

एवढ्या क्षमतेत प्रत्यक्ष पल्ला एकशेसत्तरच्या आसपास. मला लागतात शंभर. पुढची पाच वर्षं झीज होऊन तो दीडशेवर आला तरी पाळी चुकणार नाही. पण बॅटरी हळूहळू झिजणं वेगळं आणि एखादा इलेक्ट्रॉनिक भाग एका रात्रीत जाणं वेगळं. ते आधी मोजता येत नाही. असा भाग यायला कधी कधी आठवडे लागतात, आणि गावातला मेकॅनिक त्याला हात लावू शकत नाही.

इथे मला हार्टफर्डचे ट्रकवाले आठवतात, आणि आपली एसटीही. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस पुण्याहून नगरला गेली. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ला, त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही एसटीची इलेक्ट्रिक बस सुरू झाली. त्या बसमध्ये चढताना बॅटरी किती टक्के उरलीय असं कोणी विचारत नाही. बस बंद पडली तर मागची बस येईल, खर्च महामंडळाचा. प्रवाशाचा विश्वास बॅटरीवर नसतो, धोका आपल्या डोक्यावर नाही यावर असतो. म्हणून ‘ही गाडी भरवशाची आहे का’ हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा: ती बिघडली तर कोणाचे पैसे जातील?

हा प्रश्न कागदावर आणला तेव्हा निर्णय सोपा झाला. बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला चालू राहते का, हे प्रत्येक कंपनीच्या अटींवर असतं, म्हणून ते तोंडी न घेता लेखी मागितलं. सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी घेतल्या, त्यांत चुकलेली एकही सर्व्हिस नव्हती. डिसेंबर २०२४मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांवरचा कर बारावरून अठरा टक्के केला, पण तो व्यावसायिक विक्रेत्याच्या नफ्यावर आहे. दोन माणसांमधल्या खाजगी व्यवहाराला तो लागत नाही. त्या गृहस्थांबरोबरचा सौदा पाच लाख नव्वद हजारांवर तुटला. मागणीतले जे साठ हजार कमी झाले ते माझ्या हिशेबात अचानक बिघडणाऱ्या भागांचे. आरटीओत माझं नाव चढेपर्यंत पन्नास हजार हातात ठेवायचे, हे पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं. त्यांनी न कुरकुरता सही केली.

बॅटरीची वॉरंटी २०२९मध्ये संपते. तोवर तिचा धोका कंपनीचा, नंतर माझा. त्यासाठी पेट्रोलचे जे पैसे वाचतील त्यातून महिन्याला दीड हजार वेगळे ठेवायचं ठरवलंय, आणि पहिला हप्ता या महिन्यात पतसंस्थेच्या आवर्ती ठेवीत भरलाही.